‘चुकलं’ नावाची वही : एका पोटविकारतज्ज्ञांच्या सत्काराचं प्रकरण

हे प्रकरण कोल्हापुरात २०२४ च्या दिवाळीनंतर सुरू झालं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चाललं. सत्कार समितीचा कार्यवाह मी होतो. मी जनरल प्रॅक्टिशनर आहे. पंचवीस वर्षं माझे पेशंट सरांकडे पाठवत आलो. सरांचं आणि पेशंटचं नाव इथे नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सरांनी हे वाचून ‘जाऊ दे’ म्हटलं, म्हणून लिहितो आहे.

पार्श्वभूमी

सरांनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर इथे दवाखाना टाकला. तेव्हा अल्सरचा पेशंट बरेचदा शेवटी सर्जनच्या टेबलावर जायचा. पोटातलं आम्ल कमी करणारं रॅनिटिडिन नुकतंच हाताशी आलं होतं. गोळ्यांनी आराम पडायचा, थांबवल्या की महिन्या-दोन महिन्यांत जळजळ परत हजर. ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली अल्सरच्या मुळाशी असणारा जठरातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. १९८४ साली मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, तरी जगभरच्या डॉक्टरांच्या गळी ते उतरायला आणखी दहाएक वर्षं गेली. नोबेल मिळालं २००५ साली. सर नव्वदच्या सुरुवातीलाच अल्सरवर अँटिबायोटिकचा कोर्स द्यायला लागले आणि आमच्या वरिष्ठांच्या बैठकीत उठून ‘हा जंतूचा आजार आहे’ असं म्हणाले, तेव्हा मागच्या रांगेत हशा पिकला होता. हे मला त्या रांगेत बसलेल्या एका सर्जननीच सांगितलं. तेही आमच्या समितीत होते.

पोटात घालून बघायची सरांची पहिली दुर्बीण फायबरची, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची होती, वापरलेली घेतलेली. एक डोळा मिटून दुसरा काचेला लावायचा, आतलं चित्र फक्त त्या एका डोळ्याला दिसायचं. आतला एखादा तंतू तुटला की चित्रात कायमचा काळा ठिपका येतो. सरांच्या दुर्बिणीत शेवटी शेवटी अकरा ठिपके झाले होते आणि कुठला कुठे आहे हे त्यांना पाठ होतं. ठिपक्यामागे काही लपू नये म्हणून ते दुर्बीण किंचित फिरवून प्रत्येक भाग दोनदा बघायचे. पुढे व्हिडिओ आला, पडद्यावर सगळं स्वच्छ दिसायला लागलं, पण ती फिरवायची सवय सुटली नाही.

काविळीबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं. पंचगंगेचं पाणी आणि कावीळ यांचं नातं इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. २०१२ साली इचलकरंजीत साथ आली तेव्हा अख्ख्या जिल्ह्याने ते पाहिलं. आपल्याकडे कावीळ झाली की आधी गावातल्या जाणत्याकडे ‘उतरवायला’ जायचं, हळद बंद करायची, मग जमलं तर डॉक्टर. सर त्या लोकांवर कधी ओरडले नाहीत. म्हणायचे, ‘जायचं तर जा, पण आधी रक्त तपासून जा. आणि बाई गरोदर असेल तर कुठंच जाऊ नका, आधी इकडं या.’ दूषित पाण्यातून येणारी ‘ई’ प्रकारची कावीळ शेवटच्या तिमाहीत बाईचा जीव घेऊ शकते, हे त्यांनी आशाताईंना, सुईणींना, वडापच्या, म्हणजे शेअर जीपच्या, ड्रायव्हरांनासुद्धा सांगून ठेवलं होतं. तेव्हा गरोदर असलेली अशी एक बाई मला भेटली. वडापवाल्याने तिला परस्पर सरांच्या दारात आणून सोडलं होतं.

अडचण

२०२४ च्या दिवाळीत सर निवृत्त होणार हे पक्कं झालं. आम्ही सात जण जमलो: चार जनरल प्रॅक्टिशनर, एक सर्जन, सरांच्या हाताखाली शिकलेला एक तरुण पोटविकारतज्ज्ञ आणि सरांचे जुने पेशंट असलेले एक निवृत्त शिक्षक. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्टमधल्या आगीनंतर बंदच होतं, म्हणून दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन ठरवलं. फेटा, शाल, मानपत्र, गौरव अंक. अध्यक्ष म्हणून कुणाला बोलवायचं यावर दोन बैठका झाल्या. सरांना विचारावं हे मात्र कुणालाच सुचलं नाही. आम्हाला वाटलं, मोठा माणूस आहे, आधी नाही म्हणेल, मग ऐकेल.

सगळं ठरवून सांगायला गेलो तेव्हा सरांनी विचारलं, ‘मी तिथं काय करायचं?’

‘बसायचं, सर. लोक बोलतील.’

‘काय बोलतील? कुणाकुणाला वाचवलं ते?’

आम्ही गप्प. सर आत गेले आणि शाळेची असते तशी शंभर पानी वही घेऊन आले. खाकी कव्हर, वर निळ्या पेनने एकच शब्द: ‘चुकलं’. म्हणाले, ‘ते बोलणार असाल तर हेही बोला. नाहीतर चहा घ्या आणि जावा.’

वहीत एकसष्ट नोंदी होत्या. पहिली १९८८ सालची. कुठेही नाव नाही. वय, स्त्री की पुरुष, काय झालं, काय करायला हवं होतं, एवढंच. तीन नोंदी इथे देतो.

‘स्त्री, ४६. हिमोग्लोबिन ६. अंगावरून जातं म्हणून दोन वर्षं लोहाच्या गोळ्या. मी वरून दुर्बीण घातली, नॉर्मल म्हणून सोडलं. खालून बघितलं नाही. उजव्या बाजूला मोठ्या आतड्याचा कॅन्सर. चुकलं.’

‘पुरुष, २४. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर व्रण. क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा आजार) समजून स्टेरॉइड सुरू केलं. टीबी होता. तीन आठवड्यांत पोटभर पसरला. वाचला, पण दोन ऑपरेशनं. आधी टीबीचा विचार करायचा. चुकलं.’

‘पुरुष, ५८. चिठ्ठीवर मूळव्याध लिहून आलेलं. मी चिठ्ठी वाचली, बोट घालून तपासलं नाही. बोटाला लागला असता एवढ्या अंतरावर कॅन्सर होता. चुकलं.’

ही तिसरी नोंद वाचताना माझे हात थंड पडले. अशी चिठ्ठी मीही लिहितो. मूळव्याधीचा पेशंट लाजतो, आपल्याला घाई असते, आणि संध्याकाळच्या ओपीडीत बाहेर तीस माणसं बसलेली असतात.

समोर असलेले पर्याय

सर्जनसाहेबांचं मत स्पष्ट होतं: सत्कारात चुका वाचायच्या नसतात. उद्या कुणी ग्राहक मंचात गेलं तर? लोकांचा डॉक्टरांवरचा विश्वास आधीच पातळ झालाय, त्यात आपणच भर घालायची का? हे भित्रेपणाचं मत नव्हतं. त्यांनी स्वतः रात्री-अपरात्री नातेवाईकांचा राग अंगावर घेतलेला आहे.

शिक्षकांचं म्हणणं याच्या उलट होतं. ‘मी पेशंट आहे. मला ही वही ऐकायची आहे. माझी नोंद यात नाही याचा आनंद आहे, आणि असती तरी मला ती कळायला हवी होती.’

तरुण डॉक्टरने मधला मार्ग सुचवला: सत्कार जाहीर करू आणि वही फक्त डॉक्टरांसाठी बंद खोलीत वाचू. पूर्ण बेत रद्द करून सरांना घरी जाऊन पुष्पगुच्छ द्यावा, असाही एक पर्याय होता. मला तो काही दिवस फार आकर्षक वाटला, कारण त्यात माझं काम वाचत होतं.

शेवटी ठरलं ते असं. एकच कार्यक्रम, दोन भाग. पहिला सगळ्यांसाठी: सरांचं काम, त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं. दुसरा फक्त डॉक्टर, नर्स आणि विद्यार्थ्यांसाठी: वहीतल्या निवडक नोंदी, सरांनी स्वतः वाचायच्या. वय, वर्ष, तालुका, सगळं बदलून. रेकॉर्डिंग नाही. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

काय केलं

पैशाचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आला. एका औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला, हॉल, जेवण, अंक, सगळं आम्ही बघतो. डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटी आणि पाहुणचार घेऊ नये, अशी दुरुस्ती मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत २००९ साली झालेली आहे. तरी ‘समिती वेगळी, डॉक्टर वेगळे’ असा युक्तिवाद आमच्यातल्याच एकाने केला. आम्ही नकार दिला. मग प्रश्न उरला पेशंटच्या पैशाचा. राधानगरीकडचा एक शेतकरी पाचशेची नोट घेऊन माझ्या दवाखान्यात आला. ज्याचे उपचार अजून चालू आहेत त्याच्याकडून वर्गणी घेतली तर ती देणगी राहत नाही, म्हणून पेशंटकडून काही घ्यायचं नाही असं ठरवलं. तो रागावून गेला आणि आठवड्याने घनसाळ तांदळाचं पोतं टाकून गेला. सरांना विचारलं. ते म्हणाले, ‘तांदूळ परत पाठवायचा नसतो.’ कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यांनी तोच भात खाल्ला. बाकी खर्च आम्ही डॉक्टरांनी वाटून घेतला.

गौरव अंकात मात्र आमच्या हातून वाईट गोष्ट घडली. एका बाईला अनेक वर्षांपूर्वी ‘बी’ प्रकारची कावीळ निघाली होती. सरांनी घरातल्या सगळ्यांची तपासणी करून मुलांना लस टोचून घेतली होती. ही हकीकत आम्हाला फार आवडली. आम्ही तिच्या मुलाला फोन केला, तो ‘छापा की’ म्हणाला, फोटोही त्यानेच पाठवला. त्या पानाचा प्रूफ समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि आमच्यातल्या एकाने तो कौतुकाने आणखी एका ग्रुपवर टाकला. चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीची सोयरीक ठरत होती. पान फिरत फिरत पाहुण्यांच्या मोबाइलवर पोचलं होतं.

त्या मुलीला लस झालेली होती, तिचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. शिवाय एकत्र जेवल्याने, एका भांड्यातून पाणी प्यायल्याने ‘बी’ कावीळ लागत नाही. ती रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला लागते. सर स्वतः त्या पाहुण्यांकडे गेले आणि तासभर बसून हे सगळं समजावून आले. तरी ते स्थळ मोडलं. मी आणि शिक्षक माफी मागायला गेलो तेव्हा बाईंनी पाणी दिलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘तुमी चांगलंच करायला गेला असाल. पण आजार माझा हाय, इचारायचं मला हुतं.’

आम्ही पेशंटच्या सगळ्या हकीकती काढून टाकल्या. अंक बत्तीस पानांवरून बारा पानांचा झाला. उरलेल्या पानांत आम्ही ‘मामां’ची मुलाखत घातली. मामा सरांकडे एकतीस वर्षं दुर्बिणी धुतात. त्यांच्याशी बोलायला मी एका सकाळी गेलो, तर त्यांनी तोंडाने न सांगता करूनच दाखवलं. दुर्बीण पेशंटच्या बाहेर आली की तिथेच पुसायची, नळीतून पाणी ओढायचं, वाळू द्यायचं नाही. मग अख्खी पाण्यात बुडवून हवा भरायची आणि बुडबुडा येतो का बघायचं. बुडबुडा म्हणजे कुठेतरी चीर. मग लांब ब्रश आतल्या प्रत्येक नळीतून, दुसऱ्या टोकाला स्वच्छ बाहेर येईपर्यंत. मग ग्लुटाराल्डिहाइड या जंतू मारणाऱ्या द्रावणात घड्याळ लावून. मग धुणं, स्पिरिट, हवा, आणि कपाटात उभी टांगून ठेवणं. हातमोज्यांतूनही त्यांची बोटं वर्षानुवर्षांच्या वासाची झालीत. ‘सायबांनी पैल्याच दिवशी सांगितलंय,’ मामा म्हणाले, ‘बाहेर गर्दी किती बी असूं दे, घड्याळ पुरं झाल्याबिगर पुढचा पेशंट घ्यायचा न्हाई. एकदा मंत्र्याचा मानूस आलता. त्येलाबी बसवून ठेवलाय.’

आता वहीतला सगळ्यात अवघड भाग. एकसष्टपैकी सत्तावन्न नोंदींपुढे छोटी बरोबरची खूण होती. खूण म्हणजे ‘घरच्यांना सांगितलं’. चार नोंदींपुढे नव्हती. निवड करताना मी सहज विचारलं, या चार घ्यायच्या का? सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ज्यांना सांगितलं नाही त्यांच्या आधी हॉलला कसं सांगू?’

समितीने त्यांना थांबवायचा प्रयत्न केला, हे मला प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, लोक विसरलेत, जखम का उकरायची, असं आम्ही म्हणालो. सरांनी ऐकलं नाही. चारपैकी दोन कुटुंबांचा पत्ता लागला नाही. तिसऱ्या घरात पेशंटची बायको होती, ती म्हणाली, ‘आता कशाला, डॉक्टर,’ आणि विषय तिथेच थांबवला. सर माघारी फिरले.

चौथं घर भुदरगड तालुक्यातलं. मी गाडी चालवत होतो म्हणून मी तिथे होतो. २००३ साली चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, थकवा आणि रक्त कमी, आतड्याचा कॅन्सर आठ महिने उशिरा कळला, वर्षात गेला. सरांनी त्याच्या मुलाला सगळं सांगितलं. तेव्हा तो शाळेत होता, आता त्याचं स्वतःचं ट्रॅक्टरचं दुकान आहे. तो बराच वेळ जमिनीकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘तवाच सांगितलं असतं तर धाकट्या चुलत्यालाबी दाखवून आणलं असतं की.’

सर गाडीत बसल्यावर काही बोलले नाहीत. गारगोटी मागे पडल्यावर म्हणाले, ‘बरोबर बोलला तो. सख्ख्या भावाला कमी वयात असा कॅन्सर झाला तर दुसऱ्याला चाळिशीतच किंवा त्याच्याही आधी तपासायचं असतं. मला हे माहीत होतं. मी बोलणं टाळलं, म्हणून हेही राहून गेलं.’ त्या चुलत्याची पुढच्या आठवड्यात कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून दुर्बिणीची तपासणी, झाली. सरांच्या विद्यार्थ्याने केली, सर शेजारी उभे होते. एक गाठ निघाली, तिथेच काढली. तपासणीत कॅन्सर नव्हता, पण ठेवली असती तर पुढे झाला असता अशा जातीची होती.

काय निष्पन्न झालं

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी कार्यक्रम झाला. मंत्री नव्हते, हारतुरे नव्हते. पहिला फेटा मामांना बांधला, मग सरांना. मामांनी माइक हातात घेतला आणि त्यांना बोलताच आलं नाही. सभागृह उभं राहिलं.

दुपारच्या भागाला सत्तरएक जण थांबले. सरांनी नऊ नोंदी वाचल्या, एकेक, चष्मा पुसत. मूळव्याधीची नोंद आली तेव्हा त्यांनी विचारलं, ‘गेल्या आठवड्यात कितीजणांनी बोट घालून तपासलं?’ चार हात वर आले. माझा नव्हता. नंतर सर्जनसाहेब उठले आणि त्यांनी स्वतःची एक चूक सांगितली, कुणी न विचारता. वही वाचायला सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता.

तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी आम्ही राजारामपुरीत एकाच्या दवाखान्यात जमतो आणि एकेक चूक मांडतो. दहा-बारा जण येतात, कधी पाचच. माझ्या दवाखान्यात आता पडद्यामागे एक कॉट आहे आणि शौचातून रक्ताची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी तपासतो. चार महिन्यांत दोघांना पुढे पाठवलं. एकाची साधी मूळव्याधच निघाली, दुसऱ्याची नाही.

सोयरीक मोडलेल्या त्या मुलीचं लग्न अजून झालेलं नाही. ही गोष्ट निष्पत्तीतच लिहायला हवी.

आज पुन्हा करायचं झालं तर

तारीख, हॉल, पाहुणे ठरवण्याआधी ज्यांचा सत्कार करायचा त्यांना विचारीन, आणि ते नाही म्हणाले तर का नाही म्हणतात ते बसून ऐकीन. आमच्या तीन बैठका फुकट गेल्या.

पेशंटची हकीकत छापायची तर परवानगी पेशंटकडूनच, समोर बसून, छापायचा मजकूर वाचून दाखवून, लेखी. मुलगा, नवरा, सून यांची चालणार नाही. आणि हो म्हटल्यावर पंधरा दिवस थांबून पुन्हा एकदा विचारायचं, कारण समोर डॉक्टर बसलेला असताना नाही म्हणणं आपल्याकडे जड जातं. प्रूफ मोबाइलवर पाठवायचंच नाही, कागदावर दाखवायचं.

चार बिनखुणांच्या घरी जायला आम्ही सरांना अडवलं, ते चुकलंच. पण तिसऱ्या घरी आधी कुणाला तरी पाठवून ‘डॉक्टर येऊन बोललेलं चालेल का’ एवढं विचारून घ्यायला हवं होतं. त्या बाईंना उंबऱ्यावर उभं राहून नाही म्हणावं लागलं.

आणि मॅडमना, म्हणजे सरांच्या पत्नींना, आम्ही काहीच विचारलं नव्हतं. कार्यक्रमात त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, ओटी भरली, झालं. तीन आठवड्यांनी मी जमाखर्चाचा कागद द्यायला घरी गेलो, सर बाहेर गेले होते. मॅडमनी पोहे केले आणि बोलता बोलता सांगितलं, की लँडलाइन होती तेव्हा रात्रीचा फोन नेहमी त्याच उचलायच्या. रक्ताची उलटी म्हटलं की सरांना उठवायच्या आधी विचारायच्या: लाल आहे की कॉफीसारखी, दारू पितो का, पोटात पाणी झालंय का. मग सांगायच्या, कुशीवर निजवा, काही पाजू नका, गाडी काढा. फोन ठेवून गॅसवर चहा ठेवायच्या आणि मग सरांना हाक मारायच्या.